जयमालाबाईची खिरापत

खरं सांगून राह्यली, अक्षर न् अक्षर खरं. बसल्या जागची आन, माह्या उरल्यासुरल्या दातायची आन, अन् तरी भरवसा नसंन तं बुढ्याच्या फोटोवर हात ठेवून सांगीन. यात एक गोष्ट जरी खोटी निघाली तं उद्यापासून माह्या चहात साखर टाकू नका. गावाचं नाव तेवढं सांगनार नाही. जळगाव जामोदच्या वरतं, सातपुड्याच्या पायथ्याशी हाय, एवढं पुरे. नाव सांगतलं तं जयमाला काठी घेऊन माह्या दारात उभी राहीन.

आखाडात पूर आला, तिथूनच धरू. त्या पुरात माहा मसाल्याचा पाटा, दगडाचा पाटा, तरंगत तरंगत खालच्या आळीत गेला अन् गफ्फारभाईच्या ओट्याले जाऊन टेकला. शाळेच्या कपाटात मासोळी सापडली, भूगोलाच्या पुस्तकावर बसलेली. हसा, हसा. पन त्याच पान्यानं गफ्फारभाईच्या घराची मागची भिंत पडली, ते काही हसन्यासारखं नव्हतं.

गफ्फारभाई गादीवाला. कापूस पिंजायची मशीन हाय त्याची, गाद्या भरते, रजया शिवते. त्या दिवशी सारा कापूस भिजून चिखल झाला. भिंतीच्या जागी त्यानं टिनाचे पत्रे ठोकले अन् चावडीसमोर चार लोकायत सांगतलं का या सालात आनखी एकडाव पानी घरात आलं, तं मशीन टेम्पोत टाकून मलकापूरले सासऱ्याच्या गावी जाईन, कायमचा. माह्या मनात आलं, मानूस रागात बोलते. पन गफ्फारभाई रागात बोलतच नव्हता. अगदी हळू बोलून राह्यला होता.

त्याची पोरगी नाजिश. माह्या नातीच्या, प्रतीक्षाच्या वर्गात, नववीत. दोघी अशा जोडीनं राहत का एकीले शिंक आली तं दुसरी रुमाल काढे. मलकापूरले मामाच्या घरी लहान लहान लेकरं हायेत, ते सांभाळाले कोनी पाह्यजे होतं. म्हनजे गफ्फारभाई गेला का नाजिशची शाळा गेली. हे घरातल्या मोठ्यायनं ठरवूनच टाकलं होतं, अन् त्या पोरीले ते माहीत होतं. तोंडानं कधी बोलली नाही, पन त्या पावसाळ्यात आभाळ भरून आलं का ती पहिले घराकडे पाहे.

शाळेत प्रसेनजित सर हायेत. त्यायनं नववीच्या पोट्ट्यायले एक काम देल्लं. हवामान बदलून राह्यलं हे पुस्तकात हाय, म्हने, पन आपल्या गावात काय बदललं अन् आपन काय करू शकतो, हे पुस्तकाले माहीत नाही. ते गावाले इचारा. भाषन देऊ नका, फक्त इचारा अन् ऐका.

मंग काय, पोट्टे घरोघर फिरले. प्रतीक्षा पहिले माह्याकडेच आली. आजी, तुह्या लहानपनी पाऊस कसा होता? मी सांगतलं, अशी झड लागे का कोंबडा पहाट कोनती अन् सांज कोनती ते इसरून जाये, अन् आमच्या म्हशीच्या पाठीवर मेथी उगवली होती, आमी तिथूनच खुडत होतो. ती म्हने, आजी, खरं सांग. मंग खरं सांगतलं. पहिले भुरभुर भुरभुर आठ-आठ दिवस चाले, जमीन घोट घोट पीत जाये. आता महिनाभर आभाळ तोंड दाखवत नाही, अन् मंग एका दुपारी सारं ओतून मोकळं होते. सरायनं सांगतलं होतं का हवा तापली, तापली का तिच्यात पानी जास्त मावते, अन् मंग ती सारं एकदमच सांडते. मले ते पटलं. माही सून पन तापली का तसंच करते.

पोट्ट्यायनं प्रत्येक म्हाताऱ्याले एकच गोष्ट इचारली. पहिले डोंगराचं पानी गावात नाही घुसे, तं कुठून जाये? अन् साऱ्या म्हाताऱ्यायची बोटं एकाच दिशेले गेली. जयमालाच्या संत्र्याच्या बागेकडे.

आता हे समजून घ्या. तथी नाला होता. डोंगरातून निघे, गावाच्या वरून वळे अन् खालच्या गावतळ्यात जाये. मंग दुष्काळाचे सालं आले. नाल्यात पानी दिसंना, नुस्ती गिट्टी. नाला मेला असंच साऱ्यायनं धरलं. जयमालाचा मालक, अर्जुनराव, त्याचं वावर नाल्याच्या दोन्ही अंगाले होतं. त्यानं नाला बुजवला, सपाट केला, संत्रा लावला. गावात कोनी हरकत घेतली नाही. अर्जुनराव गेला त्या साली झाडं कमरेएवढी होती. जयमालानं डोक्यावर हंडे वाहून ते जगवले. पहिलं फळ आलं तवा तिनं घरोघर वाटलं, अन् आमी साऱ्यायनं चाटून पुसून खाल्लं. नाल्याची आठवन तवा कोनाले आली नाही.

शाळेच्या वऱ्हांड्यात सभा झाली. पोट्ट्यायनं फळ्यावर गाव काढलं, नाला निळ्या खडूनं काढला. प्रतीक्षानं सांगतलं का नाल्याची जुनी वाट मोकळी केली अन् गावतळ्यातला गाळ काढला, तं पूर पन टळते अन् उन्हाळ्याले पानी पन राहते. लोकं माना डोलवत होते. निळी रेघ जयमालाच्या बागेतून गेली तवा ती उठली.

"साऱ्या दुनियेनं धूर केला, अन् झाडं माहीच कापता?"

गफ्फारभाई कोपऱ्यात बसला होता, तो म्हने का बाई, मी झाडं नाही मागत, पान्याले वाट मागतो. जयमाला म्हने, वाट झाडातूनच जाते, गफ्फारभाई, तुमाले माहीत हाय. अन् चपला घालून चालली गेली. मंग दोन पार्ट्या झाल्या. कोनी म्हने बाईवर जुलूम हाय, कोनी म्हने सरकारी नाला हाय, मोजनी आना. फळ्यावरचं गाव तसंच राह्यलं, पुसाची कोनाची हिंमत झाली नाही.

तवाच भुलाबाई बसल्या. ज्यायले माहीत नसंन त्यायच्यासाठी सांगून ठेवते: भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी मातीची भुलाबाई अन् भुलोजी घेऊन रोज सांजच्याले एकेका घरी जातात. गाने म्हनतात. गाने झाले का घरची बाई बंद डब्बा आनते, वाजवून दाखवते, अन् आत खायाचं काय हाय ते पोरीयनं ओळखाचं. त्याले खिरापत म्हनतात. ओळखलं तं पोरी जिंकल्या, नाही ओळखलं तं बाई जिंकली. नाजिश लहानपनापासून या पोरीयत हाय, अन् तिचं नाक लय तिखट. खिरापत ओळखाले डब्बा तिच्याकडेच जाये.

प्रतीक्षा रागात होती. तिनं भुलाबाईच्या चालीवर नवं गानं जोडलं:

नाला आला माहेराले, दार त्याले उघडंना,
जयमालाबाईच्या कुलपाची चाबी कोनाले सापडंना.

दुसरी ओळ कोनी सुचवली ते इचारू नका. चाल चांगली बसली. एका सांजेत अख्ख्या गावाच्या तोंडी झालं. दुसऱ्या दिवशी जयमाला दळन घेऊन चालली होती, तं शेंबडे पोट्टे तिच्या मागं ते गात चालले. ती थांबली नाही. मागं वळून पाह्यलं नाही. पन डोक्यावरचं पीठ सांडत चाललं होतं अन् तिले ते समजतही नव्हतं. ते मी माह्या डोयानं पाह्यलं.

सरायनं पोरीयले उभं केलं. म्हने, मी तुमाले बोलाले पाठवलं होतं, टोमने माराले नाही. समोरच्याले तोंड उघडता आलं पाह्यजे, त्याले म्हनतात बोलनं. तुमी तं तिचं तोंड शिवून आल्या. जा, माफी मांगा.

प्रतीक्षा अन् नाजिश, दोघी निघाल्या. मी पन मागं मागं गेली, पोरीयले आधार म्हनून. तमाशा पाहाले गेली असं कोनी म्हनीन तं म्हनो.

जयमाला बागेतच होती, झाडून राह्यली होती. संत्र्याच्या झाडाखाली जमीन अशी साफ, का तथी ताट मांडून जेवा. मले नवल वाटलं. या दिवसात कोनाच्याही बागेत झाडाखाली चार-दोन फळं पडलेले राहतातच. हिच्या बागेत एक नाही. मी मनात म्हनलं, मेली पहिल्यापासूनच स्वच्छतेची भुकेली. नाजिश पन खाली पाहून राह्यली होती. मंग तिनं एका खोडाले हात लावला अन् बोटं पुसले. खोडाले डिंक आला होता.

प्रतीक्षानं मान खाली घालून माफी मांगितली. जयमालानं ऐकलं. मंग झाडू टेकवून म्हने, "खेळात माही अब्रू काढली ना, मंग निकाल पन खेळातच लावा. उद्या भुलाबाई माह्या घरी आना. तीनडाव इचारीन. खिरापत ओळखली तं नाला मी मोकळा करते. नाही ओळखली तं या गावात नाल्याचं नाव कोनी काढाचं नाही. तुमच्या सरायनं पन नाही."

मी प्रतीक्षाले चिमटा काढाच्या पहिले ती हो म्हनून बसली होती.

घर नाजिशचं, शाळा नाजिशची, अन् डावावर लावून आली माही नात. रस्त्यानं मी तिले अशी फाडली का तिचे कान लाल झाले. ती रडत म्हने, आजी, नाजिशचं नाक कधी चुकत नाही. तिकडे सातपुड्यावर आभाळ काळं ठिक्कर होऊन राह्यलं होतं. परतीचा पाऊस. टीव्हीवाला सांगून राह्यला होता का दोन दिवस जोराचा हाय. अन् गफ्फारभाईनं टेम्पोवाल्याले फोन लावला होता. म्हने, पानी आल्यावर निघनं होत नाही, येच्या पहिलेच निघतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिकामी वाटी घेऊन जयमालाच्या घरी गेली, विरजनाचं निमित्त करून. चुलीवर गंज होता, त्याच्यावर झाकन, झाकनावर दगड. गोड वास येऊन राह्यला होता, पन त्या गोडात काहीतरी कडू होतं. मी मान लांब केली, तं ती मधात येऊन उभी राह्यली. म्हने, मावशी, दही तं तुमच्याच घरी जास्त लागते. अन् माह्या हाताले धरून मले दारापर्यंत सोडाले आली. एवढी इज्जत माही माहेरी पन झाली नाही.

सांजच्याले तिच्या ओट्यावर बायका मावत नव्हत्या. गाव दोन पार्ट्यायत वाटलं होतं, तं बायका पन दोन बाजूले बसल्या, मधात भुलाबाई. वारा पडलेला. झाडाचं पान हालत नव्हतं. ओट्यावरून खालची आळी सरळ दिसते, अन् तथी गफ्फारभाईच्या दारात टेम्पो मागच्या अंगानं लागला होता. गाद्या चढून राह्यल्या होत्या. नाजिश मुद्दाम तिकडे पाठ करून बसली.

काजल पन आली होती. महादेवरावची बायको. हे सांगनं जरूरी हाय, कारन आमच्याकडे संत्र्याचा सौदा फळ झाडावर असतानाच होते. व्यापारी बाग पाहते, अंदाज घेते, अन् अख्खी बाग घेऊन टाकते. आमच्या गावात व्यापारी आननारा, सौदे जुळवनारा म्हनजे महादेवराव. जयमालाच्या बागेचा व्यापारी परवा येनार होता. अन् काजलच्या कानात पडलं ते महादेवरावच्या कानात जाते, तथून जळगावच्या बाजारात.

गाने झाले. ते कुलपाचं गानं कोनी म्हनलं नाही. जयमाला आत गेली, पितळेचा डब्बा घेऊन आली, अन् वाजवला.

वाजलाच नाही. नुस्तं घप्प. जसं कोनी उशीवर हात मारला.

प्रतीक्षा म्हने, शिरा. जयमालानं नाही म्हनून मान हालवली. पोरीयनं डोके एकत्र केले, कुजबुज कुजबुज केली, अन् दुसरीनं सांगतलं, पुरन. जयमालानं परत मान हालवली. तिच्या बाजूच्या बायका हासल्या. आभाळात एकदा गुरगुरलं.

आता शेवटचा डाव. डब्बा नाजिशच्या हातात गेला. नियम असा का डब्बा हातात घेता येते, झाकन उघडता येत नाही. तिनं डब्बा नाकाजवळ नेला, झाकनाच्या कडेले नाक लावलं अन् डोये मिटले. मी तिच्या आंगाले आंग लावून बसली होती, तं तो वास माह्या पन नाकात गेला.

हिरवी साल. कच्च्या संत्र्याची.

मी म्हातारी असंन, पन मले समजाले येळ लागला नाही. कच्चं संत्रं कोन तोडते? कोनीच नाही. कच्च्या फळाचा मुरंबा तोच करीन, ज्याच्या घरी कच्चं फळ टोपलीनं येऊन राह्यलं. जे गळालं ते. म्हनून जमीन साफ. म्हनून खोडाले डिंक. जयमालाची बाग मुळातून सडून राह्यली होती, अन् ती कोनाले समजू देऊन नाही राह्यली होती. तिले वाटलं होतं का असं काही डब्ब्यात ठेवू जे कोन्या पोरीच्या डोक्यातच येनार नाही. जिंकल्यावर आत नेऊन, वरून खोबरं भुरभुरून, पपईचा मुरंबा म्हनून वाटून देऊ. पाकात पडल्यावर पपई काय अन् साल काय. पन ओळखलं तं काय होईन, याचा इचार तिनं केलाच नव्हता. तो तिनं आता केला. नाजिशच्या तोंडाकडे पाहता पाहता केला, अन् तिच्या तोंडाचा रंग उडाला.

काजल पुढं सरकली होती, ऐकाले.

टिनावर थेंब पडले. एक, मंग दहा, मंग मोजनं सुटलं. खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. बापानं पोरीले बोलावलं होतं.

नाजिशनं डोये उघडले. जयमालाकडे पाह्यलं. मंग काजलकडे पाह्यलं. मले वाटलं, बोलली आता. बोल वं माय, मी मनात म्हनत होती, बोल, तुही शाळा तुह्या जिभेवर हाय.

"चिवडा," नाजिश म्हने.

मंग प्रतीक्षा फुटली, म्हने, काय वं नाजिश, चिवडा वाजत नाही का? तुले समजत नाही का? ती रडाले लागली. बाकीच्या पोरी पन नाजिशवर तुटून पडल्या. नाजिशनं डब्बा जयमालाच्या मांडीवर ठेवला. म्हने, हरलो काकू. अन् चपला शोधू लागली.

जयमाला जिंकली होती. तिच्या बाजूच्या बायका उठून उभ्या पन झाल्या. ती डब्बा घेऊन उठली, आतल्या दारापर्यंत गेली, खोबरं किसून ठेवलेलं मले तथून दिसून राह्यलं होतं. दारात थांबली. आमच्याकडे पाठ. किती येळ थांबली कोन जाने, मले तं वाटलं का कोजागिरी तिथीच होते आता.

मंग ती वापस आली. साऱ्यायच्या मधात, भुलाबाईच्या समोर बसली, अन् झाकन काढलं.

"गळालेल्या संत्र्याचा मुरंबा हाय," जयमाला म्हने. "काजल, सांगजो तुह्या मालकाले. लपवू नको."

तिनं नाजिशले इचारलं का तुले समजलं होतं ना. नाजिशनं हो म्हनून मान डोलवली. मंग काऊन नाही बोलली, जयमाला म्हने.

"आमचं घर गेलं तं मामाचं हाय, काकू. तुमची बाग गेली तं तुमाले कोनाचं हाय?"

जयमालानं डब्ब्यातला एक तुकडा काढला अन् त्या पोरीच्या हातावर ठेवला. मंग ती बोलत राह्यली, कोनाकडे न पाहता. आखाडापासून मुळाशी पानी थांबून हाय. एका रांगेतले झाडं पिवळे पडले, बरोबर जुन्या नाल्याच्या रांगेतले. रोज उजाडाच्या पहिले ती जाऊन फळं वेचते, खड्ड्यात पुरते, वरून झाडून घेते. शेवटी म्हने, "नाला मेलाच नव्हता, मावशी. खालून चालूनच राह्यला होता."

प्रतीक्षा डोये पुसून काही बोलाले गेली. जयमालानं बोट दाखवून तिले गप्प केलं. म्हने, डाव मी जिंकला, नाल्याचं नाव तुमी काढाचं नाही. म्हनून मीच काढते. सरपंचाले निरोप द्या.

नशीब असं का त्या सांजेले थेंब पडून थांबले, पन आभाळ गेलं नाही, डोंगरावर बसूनच राह्यलं. टेम्पो गाद्या चढलेला तसाच उभा. गफ्फारभाईनं उतरवलं काहीच नाही. तो म्हने, बाईच्या बोलन्यावर भरवसा हाय, पावसाच्या नाही.

सकाळी उजाडता उजाडता अख्खं गाव बागेत. सरपंचानं जेसीबी आनला. पोट्ट्यायनं पारदर्शक नळीत पानी भरून उतार पाह्यला, चुन्याची फक्की मारली. अन् तवा जे भांडन झालं, ते ऐकाले पाह्यजे होतं. जयमाला एकेका झाडापाशी उभी राहे अन् सरायले म्हने, हे निरोगी हाय, याच्या बाजूनं वळवा. सर म्हनत, बाई, इथी वळवलं तं पानी वर चढनार नाही. गफ्फारभाई मधात पडे, म्हने, हे झाड राहू द्या सर, माह्या घराकडून हातभर वाट जास्त खोदतो. ती म्हने, मंग ते पन राहू द्या. पोट्टे फक्की पुसत, परत मारत. शाळेच्या सभेत कोनी कोनाचं ऐकलं नव्हतं. इथी डोंगरावर आभाळ गरजून राह्यलं अन् लोकं एका झाडासाठी घासाघीस करून राह्यले. शेवटी नाल्याची वाट वाकडी तिकडी झाली, सापावानी. सरकारी साहेबानं पाह्यली असती तं चक्कर आली असती. पन बरेच झाडं वाचले.

जे वाचनारे नव्हते, त्यायची पाळी आली तवा जेसीबीवाला थबकला. बाईच्या समोर बाईचं झाड पाडाचं, त्याचा हात उठंना. तवा जयमालानं पदर खोचला, लुगड्याचा काष्टा आवळला, जेसीबीवर चढली, त्या मानसाले बाजूले सरकवलं, अन् तो दांडा स्वतःच्या हातानं ओढला. पहिलं झाड तिनं स्वतः पाडलं. मंग दुसरं. अख्खं गाव तोंडात बोट घालून पाहून राह्यलं.

दुपारी पाऊस आला. डोंगर दिसंनासा झाला. आमी सारे गफ्फारभाईच्या ओट्यावर उभे, भिजत. कोनी छत्री उघडली नाही, जशी उघडली तं पान्याले राग येईन. पहिले आवाज आला, गिट्टी घासल्याचा. मंग वळनावर लाल पानी दिसलं, अन् ते थांबलं. तिथीच फुगाले लागलं. माह्या हातात नाजिशचा हात होता, थंडगार. प्रतीक्षा तिच्या दुसऱ्या बाजूले. पानी काठाले आलं, काठावरची माती तुटून पडली, गफ्फारभाई फावडं घेऊन धावला, त्याच्यामागं सर, त्याच्यामागं काजलचा महादेवराव, ज्याचा सौदा बुडाला होता तो. मातीच्या पोत्यायची रांग लावली. मंग पानी वळलं. बागेतून, वाकड्या तिकड्या वाटेनं, वाचलेल्या झाडायच्या बाजूनं, खाली गावतळ्याकडे. एवढं जोरात का त्याच्या वाऱ्यानं माह्या डोक्याची क्लिप उडाली अन् ती चिखलीच्या बाजारात सापडली, असं माही भाची सांगते.

ओटा ओला झाला, पन आत थेंब आला नाही. गफ्फारभाई टेम्पोपाशी बराच येळ उभा राह्यला. मंग त्यानं दोरी सोडली अन् पहिली गादी उतरवली. नाजिश आत गेली, चूल पेटवली.

सारं गोड झालं असं समजू नका. व्यापारी आला, त्यानं मुरंब्याची गोष्ट ऐकली होती, वरच्या अंगाची तेवढी बाग घेतली, ते पन नाक मुरडत. जयमालाच्या वरच्या पडीक वावरात पोट्ट्यायनं नवे रोपं लावले, त्यातले काही जगले, काही बकऱ्यायनं खाल्ले. गावतळ्याचा गाळ अजून अर्धाच निघाला. जयमाला माह्याशी बोलते, पन मधातच टोमना मारते, म्हने, मावशी, कुलपाची चाबी सापडली का? नाजिश दहावीत गेली. पुढच्या भुलाबाईले खिरापत ओळखाले डब्बा तिच्याकडेच जाईन.

आता हे वाचून पोट्टी प्रतीक्षा माह्या डोक्यावर उभी हाय. म्हने, आजी, एवढी मोठी आन घेतली, तं जेसीबीचं खरं लिही.

बरं. जेसीबीवर ती चढली नव्हती. तेवढं एक मी जोडलं. दांडा त्या मानसानंच ओढला.

जयमाला तवा माह्या चुलीपाशी बसली होती, बागेकडे पाठ करून, तूर निवडत. तिकडे मशीन गुरगुरली का तिचा हात थांबे, अन् ती इचारे, मावशी, कोनतं होतं? तिले प्रत्येक झाड माहीत होतं, कोनतं कधी लावलं, कोन्या दुष्काळात जगवलं. मी दारात उभी राहून पाहत होती, मले सारं दिसत होतं.

अन् प्रत्येकडाव मी एकच सांगतलं, "काठावरचं होतं वं. वाळलेलं."